दोह्यात अस्वल नव्हतं

ज्या गावात सावलीचं झाड शोधायला गाडी काढावी लागे, तिथं मला अस्वलापासून जीव कसा वाचवायचा याचं शिक्षण मिळालं. मी मागितलं नव्हतं. ते देणाऱ्या माणसानंच पुढे अल सद्दच्या कोपऱ्यावरचं माझं दुकान घालवलं. दोहा सोडून त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण त्या दुकानाचा विषय निघाला की माझा आवाज अजून चढतो. घरचे म्हणतात, सोडून द्या आता. मी सौदे करून वर आलेला माणूस आहे. झालेला सौदा मी विसरतो, मोडलेला विसरत नाही.

इराणात गडबड सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. फरीज बिन ओमरानमधल्या एका जुन्या व्हिलाच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं राहायचो. मी सिन्नरकडचा, एका कंपनीत मोटर वाइंडिंगच्या कामावर. दुसरा इस्पितळात कारकुनी करणारा वसईचा फ्रान्सिस. आणि तिसरा हा, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, पार चांद्याकडच्या जंगलातून आलेला. वयानं आमच्याहून बराच मोठा. त्याला सगळे भाऊ म्हणत. तो मला पहिल्या दिवसापासून सेठ म्हणायचा. तेव्हा माझ्याकडे एक पेटी आणि दोन पकडी होत्या.

त्याच्याकडे पहिल्यांदा पाहणारा माणूस नजर वळवायचा. चेहऱ्याची डावी बाजू कपाळापासून जबड्यापर्यंत ओढून शिवल्यासारखी होती. डोळा शाबूत, पण पापणी पुरती मिटत नसे, त्यामुळे झोपेतही तो आपल्याकडे बघतोय असं वाटायचं. त्या बाजूला डोक्यावर केस नव्हते. घास तो उजव्याच दाढेनं चावायचा. तोंडाला काय झालं असं विचारलं की प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळे. पाण्याच्या पंपावरच्या मल्याळ्याला त्यानं स्टोव्ह भडकल्याचं सांगितलं होतं. मला म्हणाला, "बायकोनं लाटणं फेकलं. नेम चांगला हाये तिचा."

मात्र अस्वल या विषयावर त्याला थांबवणं कठीण होतं. शिकारबंदीचा कायदा येईपर्यंत तो एका शिकार कंपनीत वाटाड्या होता. पैसेवाले लोक आणि गोरे साहेब बंदूक घेऊन यायचे, हा त्यांना जंगलात न्यायचा. कायदा आला, कंपनी बंद पडली, त्याला गाडी चालवता येत होती, तो इथं आला. एवढी सरळ गोष्ट. पण त्याचं अंग जंगलातून आलंच नव्हतं. खोलीत शिरण्याआधी तो दाराबाहेर खोकायचा. संडासाच्या मागच्या भिंतीला वळसा घालताना टाळी वाजवायचा. झोपायचा पालथा, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफून. फ्रान्सिसनं एकदा विचारलं, "भाऊ, हे कुठलं आसन?"

"अस्वल आलं तं मान वाचते."

"आणि मेल्याचं सोंग घेतलं तर? आमच्या शाळेच्या पुस्तकात होतं तसं."

"घे ना बाप्पा. त्याले सोपं जाते."

"मग झाडावर चढायचं?"

"तो तुह्यापेक्षा चांगला चढते."

"उतारावर पळावं म्हणतात," मीही तोंड घातलं. "त्याचे केस डोळ्यांवर येतात, त्याला दिसत नाही."

"ज्यानं हे सांगतलं, सेठ, तो कधी पळाला नसंल. पळाला असता तं सांगाले उरला नसता." मग तो आमच्या दोघांकडे कीव आल्यासारखं बघायचा. "वाघ आधी पायते, मंग ठरवते. अस्वल आधी मारते, मंग पायते. त्याले दिसत नाई नीट. वारूळ खोदत असलं, मोहाखाली फुलं खात असलं का त्याले ऐकूही येत नाई. तुम्ही एकदम पुढ्यात उभे राहिले का ते घाबरते. अन् घाबरलं का तोंडालेच धरते. म्हून आमच्याकडच्या बायका मोह येचाले जाते तवा रस्ताभर भांडत जाते. खरं भांडण नसलं तं खोटं भांडते. त्याइले काही होत नाई. मरते कोण? शिकारी. कारण शिकाऱ्याले गुमान जावं लागते."

हे त्यानं आम्हाला, पंपावरच्या मल्याळ्याला, नाक्यावरच्या पठाण रोटीवाल्याला, सगळ्यांना सांगितलं होतं. पठाण म्हणायचा, "चाचा, यहाँ रीछ किधर है?" हा म्हणायचा, "आदत जाती है तो आदमी जाता है."

टँकर चालवताना प्रत्येक वळणावर तो हॉर्न दाबायचा, समोर मैलभर मोकळी वाळू असली तरी. एकदा एका पोलिसानं गाडी थांबवली आणि अरबीत विचारलं, कुणाला हॉर्न मारतोस? याला अरबीत अस्वल म्हणायला येईना. मग तो खाली उतरला, दोन्ही हात वर करून पंजे वाकडे केले, मान हलवली आणि भर रस्त्यात अस्वल झाला. तोंड तसलं. पोलीस आधी दचकला, मग हसून हसून गाडीच्या बॉनेटवर हात आपटायला लागला. यल्ला, जा म्हणाला. पुढे कित्येक दिवस तो पोलीस याची गाडी दिसली की लांबूनच पंजे दाखवायचा.

शुक्रवारी आम्हाला सुट्टी. लोक सूकमध्ये, म्हणजे बाजारात जात, सिनेमाला जात. हा रिकामा टँकर काढून शहराबाहेर जायचा. एकदा मी कटकट केली म्हणून मलाही घेऊन गेला. दुखानच्या रस्त्याला आत वळून एका सखल जागी एकच झाड होतं. सिद्र, म्हणजे आपली बोरच. टँकरच्या तळाशी उरलेलं पाणी त्यानं पाइप लावून त्याच्या बुंध्याशी सोडलं. मग चार पावलं मागे आला, खोकला, उभा राहिला. मी हसलो नाही. का कोण जाणे, मीही झाडाकडे बघत राहिलो. त्याखाली काही नव्हतं. प्लास्टिकची एक पिशवी होती. काही हललं नाही तेव्हा तो जाऊन सावलीत बसला. दुपारभर बसला. मी दोनदा म्हणालो, भाऊ, चला. तो नुसता वर फांद्यांकडे बघत होता.

त्या काळी लोक पत्राऐवजी कॅसेट भरून घरी पाठवत. फ्रान्सिस दर महिन्याला वसईला एक कॅसेट पाठवायचा, तीत अर्धा वेळ नुसता खोकायचा आणि रडायचा. एकदा त्यानं टेपरेकॉर्डर भाऊपुढे ठेवला. "बोला. कॅसेट मी देतो." अस्वलावर तासन् तास बोलणारा माणूस त्या यंत्राकडे बघत बसला. बटण दाबलेलं होतं, चाकं फिरत होती. बऱ्याच वेळानं त्यानं ते बंद केलं आणि म्हणाला, "घरी कोणी ऐकत नाई." आम्हाला वाटलं, मशीन नसेल घरी.

आता दुकान.

मी कंपनीत दुसऱ्यांच्या मोटरी बांधून कंटाळलो होतो. माझा हात चांगला होता. एसीचे कॉम्प्रेसर, पाण्याचे पंप, सगळं मी बांधायचो आणि नाव व्हायचं फोरमनचं. पण तिथं परक्या माणसाला स्वतःच्या नावावर धंदा करता येत नसे. कफील लागतो, म्हणजे ज्या कतरी माणसाच्या सहीवर आपला धंदा चालतो तो. मी एक अरबाब, म्हणजे तिथला बडा मालक, हेरला होता. त्यांच्या घरचा पंप मी दुरुस्त केला होता. अल सद्दला त्यांची नवी इमारत उभी राहत होती आणि तिच्या खाली कोपऱ्यावर एक गाळा होता, दोन्ही रस्त्यांवरून दिसणारा. मला सहीही हवी होती आणि तो गाळाही. अरबाबचे वडील मुंबईला मोत्यांचा व्यापार करत, त्यामुळे अरबाबना मुंबईचं हिंदी येत होतं. घासाघीस सोपी जात होती.

सौदा करताना मी समोरच्याला काय हवंय ते आधी बघतो. अरबाबना ससाण्यांचं वेड होतं. दर हिवाळ्यात ते शिकारीला जात. त्या वर्षी त्यांना इराणच्या डोंगरात जाऊन अस्वल मारायचं होतं. तिथल्या एका दोस्तानं बोलावलं होतं. घरात बसून ते तेच बोलायचे. मी म्हणालो, "अरबाब, माझ्या खोलीत एक माणूस आहे. हिंदुस्तानातला अस्वलाचा शिकारी. तो पुढे असला तर तुम्हाला काळजी नाही."

ते सरसावून बसले. मग म्हणाले, "तुम्हारा शिकारी लाओ. फिर दुकान की बात."

मी खोलीवर येऊन भाऊला सांगितलं. मला वाटलं होतं, नखरे करेल, मला तासन् तास पटवावं लागेल. मी सगळी तयारी करून गेलो होतो. फ्रान्सिसनं पेपर खाली केला. भाऊनं विचारलं,

"तिथं झाडं हायेत?"

"डोंगर भरून."

"तू पायली?"

"अरबाबकडे फोटो आहे. मी पाहिला. दाट रान आहे भाऊ, ओढा आहे मधून."

"जातो," तो म्हणाला.

फ्रान्सिस म्हणाला, "भाऊ, तुम्हीच सांगता की शिकारी मरतो."

"तू पेपर वाच बे."

त्या आठवड्यात त्यानं सूकमधून कॅनव्हासचे बूट आणले. दाढी केली. डाव्या बाजूला वस्तरा नीट फिरत नसे म्हणून एरवी तो ती टाळायचा. गाडी चालवताना गुणगुणायचा. मी मनात दुकानाला रंग देत होतो.

अरबाबच्या बैठकीत पाच-सहा माणसं होती. गालिच्यावर आम्हाला जागा दिली. लाकडी खुंटीवर ससाणा बसला होता, डोळ्यांवर चामड्याची टोपी. लहान पेल्यांतून काहवा, म्हणजे तिकडची कडू कॉफी, आला. अरबाबनी भाऊच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली नाही. ते मला आवडलं. फोटो दाखवला. भाऊनं तो दोन्ही हातांत धरला आणि इतका जवळ नेला की नाक लागलं असतं.

"क्या बोलते हो?" अरबाबनी विचारलं.

"अच्छा जंगल है साब. घना है."

"चलोगे?"

"चलूंगा."

अरबाब हसले आणि शेजारी बसलेल्या एका दांडग्या मिशीवाल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. "ये मेरी बीवी का भाई है. बहुत शौक है इसको. तुम आगे, ये तुम्हारे पीछे, फिर मैं. आवाज बिलकुल नहीं."

तो मिशीवाला उठून भाऊला हात द्यायला पुढे झाला. भाऊनं हात दिला नाही. फोटो खाली ठेवला.

"नहीं साब. मैं नहीं आता."

मी हसून म्हणालो, "मजाक कर रहे हैं."

"मजाक नहीं. इनको भी मत लेके जाओ," भाऊ म्हणाला आणि त्याचा आवाज वाढला. "आपके यहाँ झाड नहीं, झुडुप नहीं. चिडिया से चिडिया पकडना अलग. आपको क्या मालूम जंगल में क्या होता है? आपको कुछ नहीं मालूम."

चारचौघांत, स्वतःच्या घरात, पाहुण्यांसमोर, एका टँकर ड्रायव्हरनं अरबाबना तुम्हाला काही माहीत नाही असं सांगितलं. मिशीवाल्याचा चेहरा लाल झाला. अरबाब मात्र ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. भांडणातून मी सौदा परत आणू शकतो, तो माझा हातखंडा आहे. त्यांनी आपला रिकामा पेला दोन बोटांत धरून हलवला आणि नोकराच्या हातात दिला. आणखी काहवा नको असला की तिथं असाच पेला हलवतात. मग ते ससाण्याकडे वळले. आमच्याकडे त्यांनी परत पाहिलं नाही. पुढच्या महिन्यात त्या गाळ्यात एका लेबनानी माणसानं पडद्यांचं दुकान टाकलं.

परतताना गाडीत मी त्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या चेहऱ्यावरूनही बोललो. म्हणालो, भित्रा आहेस, सगळ्या जन्माच्या थापा, अस्वल पाहिलंस तरी का कधी? तो स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला. सबंध रस्ता त्यानं हॉर्न वाजवला नाही. मी त्याच आठवड्यात खोली बदलली आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. मला पटलेलं होतं आणि अजून पटतं, की माणसानं नाही म्हणायचं असेल तर खोलीत म्हणावं. बैठकीत नेऊन बसवल्यावर म्हणू नये.

पुढे मला दुसरा कफील मिळाला. अटी वाईट, गाळा फरीज बिन ओमरानच्या मागच्या गल्लीत, जिथं गिऱ्हाईक वाट चुकल्याशिवाय येत नाही. तरी मी तो चालवला. मागच्या इमारतीला पाणी घालायला भाऊचाच टँकर यायचा. वळणावर हॉर्न ऐकू आला की मी मोटरीत डोकं घालायचो. तो टाकी भरेपर्यंत गल्लीत उभा असे. कधी कधी समोर कुणी नसताना मोठ्यानं बोलत असे. मी बाहेर गेलो नाही. अशी वर्षं गेली. फ्रान्सिस लग्न करून अल सद्दला फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. भाऊच्या खोलीत आता नेपाळी मुलं आहेत आणि त्यांना त्याचं बोलणं कळत नाही, असं फ्रान्सिसनं मला एकदा सांगितलं. मी विषय बदलला.

मग एके दिवशी दुपारी, गल्लीत कुणी नसताना, तो दुकानाच्या दारात उभा. हातात रेक्झिनची बॅग. केस सगळे पांढरे, म्हणजे ज्या बाजूला होते तेवढे.

"बसू का सेठ?"

"दुकान आहे. कुणीही बसतं."

तो स्टुलावर बसला. मी मोटरीच्या आर्मेचरवर तार गुंडाळत राहिलो.

"व्हिसा खलास. वय झालं म्हणते. आज सांजच्या विमानानं चाललो."

"घरी कोण आहे?"

"बायको हाये. बोलत नाई माह्याशी. पन हाये."

मी तार गुंडाळत होतो, आणि एवढी वर्षं आत साठलेलं ते तोंडातून निघालंच. "त्या दिवशी माझी वाट का लावलीत भाऊ? हो म्हणून नेलंत आणि तिथं जाऊन नाही? माझं काय चुकलं होतं?"

"काही नाई."

"मग?"

"मले जायचं होतं," तो म्हणाला. "तुले वाटलं असंल, मी तुह्या दुकानापाई हो म्हटलं. मी झाडापाई हो म्हटलं. लय वर्षं झाली होती दाट काही पायलं नव्हतं. त्या फोटोत मले आतपर्यंत दिसत होतं." त्यानं बॅग पायाशी ठेवली. "मंग तो मिशीवाला उठला. बायकोचा भाऊ. तुह्या मागं चालंल म्हणे."

"त्याचं काय?"

"माहा साळाही माह्या मागं चालत होता बे."

मी आर्मेचर बाजूला ठेवलं.

"बायकोनंच म्हटलं होतं, याले संग घेऊन जा, काम शिकव. नवाच होता. साहेबाले अस्वल पायजे होतं. साहेब म्हणे, आवाज नाई. साळा खोकाले लागला तं मीच त्याले म्हटलं, तोंड दाब. जांभळीच्या जाळीत अस्वली झोपून होती, पिल्लं घेऊन. सेठ, ते पहिल्याले जाऊ देते. पहिल्याच्या पायानं त्याची झोप मोडते अन् दुसरा हाती लागते. मी वळलो तवा तो खाली होता. हे मले उशिरा लागलं," त्यानं गालाला हात लावला, "त्याले ओढताना. साहेबानं गोळी घातली ती झाडाले लागली."

गल्लीतून एक गाडी गेली. मी मला जे बोलता येतं तेच बोललो.

"मग हे मला खोलीत सांगायचं. गाडीत सांगायचं. तिथंसुद्धा मला कोपरानं ढोसायचं होतं. मी बोललो असतो अरबाबशी. मेहुण्याला तंबूत बसवा म्हणालो असतो. माझा माणूस खोकत जाईल, कबूल असेल तर बोला, म्हणालो असतो. ते मानले असते. सौद्यात सगळं बसतं भाऊ, बोलणारा पाहिजे. तुम्ही रानात गेला असतात, मला दुकान मिळालं असतं, कुणाचा जीव गेला नसता."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचार करत होता, हे असं झालं असतं का.

"जमलं असतं तुले," तो म्हणाला. "खरंच जमलं असतं."

मग बॅग उचलून उभा राहिला.

"माह्या टायमाले तिथं तुह्यासारखा कोणी नव्हता ना."

मी उत्तरावाचून राहणारा माणूस नाही. उत्तर सुचलं नाही की मला राग येतो. तेव्हाही आला. रागातच मी शटर खाली ओढलं, रागातच त्याच्या हातातली बॅग हिसकून गाडीत टाकली आणि म्हणालो, बसा. विमानतळ जवळच होता. मी समुद्राकडून, लांबच्या रस्त्यानं नेलं.